नीट बसणारी ब्रा कशी शोधावी, आणि घरात धरणांचे विनोद करणारा नवरा असेल तर काय करावं

माझ्या कपाटातल्या खालच्या खणाला आमच्या घरी 'मृतसाठा' म्हणतात. नाव नवऱ्याने ठेवलंय. तो तीस वर्षं धरणांवर नोकरी करून निवृत्त झाला. धरणातलं जे पाणी सगळ्यात खालच्या दरवाजाच्या पातळीखाली राहतं, दिसतं पण कामाला येत नाही, तो मृतसाठा, हे त्याने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. तर त्या खणात अकरा ब्रा होत्या. पैसे मोजून आणलेल्या, दोन-तीनदा घातलेल्या आणि मग 'बघू नंतर' म्हणून ठेवून दिलेल्या. रोजच्या वापरात दोनच, त्याही ढिल्या पडलेल्या.

पन्नाशीला आल्यावर एका दुपारी टेप घेऊन बसले, तेव्हा कळलं की मी वीसेक वर्षं चुकीच्या मापाची ब्रा घालत होते. तेव्हापासून जे शिकले ते क्रमाने सांगते. नवऱ्याचे विनोद मधेमधे येतील. त्यातले दोन खरोखर उपयोगी आहेत, म्हणून ठेवलेत.

आधी चूक कुठे होते ते बघा

बहुतेक वेळा सुरुवात ब्लाउजपासून होते. शिंपी छातीचा घेर घेतो, वहीत ३८ लिहितो, आणि तो आकडा आपल्या डोक्यात कायमचा बसतो. मग होजिअरीच्या दुकानात जाऊन आपण हळू आवाजात "अडतीस द्या" म्हणतो. काउंटरमागचा माणूस दोन खोकी पुढे टाकतो, आपण रंग बघतो, तो कागदात गुंडाळून देतो, आणि आपण चोरी केल्यासारख्या बाहेर पडतो. माप कुणी घेतलंच नाही, हे घरी आल्यावरसुद्धा लक्षात येत नाही.

ब्रावरचा आकडा छातीच्या घेराचा नसतो. तो छातीखालून जाणाऱ्या पट्ट्याचा असतो. भरलेल्या भागाचा हिशेब पुढच्या अक्षरात असतो. अमेरिकेत १९१४ साली मेरी फेल्प्स जेकब या बाईंना जिचं पेटंट मिळालं, ती ब्रा दोन रेशमी रुमाल आणि फितीपासून बनली होती. ए, बी, सी, डी ही अक्षरं त्यानंतर, १९३०च्या दशकात आली. आपल्या आज्यांची गाठीची चोळी मला या बाबतीत जास्त शहाणी वाटते. पुढे गाठ मारायची असल्यामुळे त्या दिवशी अंग जसं असेल तसा घेर बसवता यायचा. हुक आले आणि ती सोय गेली.

टेप घ्या, पण मऊ

शिंप्याची कापडी टेप लागते. मी टेप शोधतेय म्हटल्यावर नवऱ्याने मोठ्या प्रेमाने त्याची स्टीलची टेप आणून दिली. सर्रकन परत गुंडाळली जाणारी, कडा धारदार. ती नको. कापडी टेप नसली तर सुतळी घ्या आणि मग पट्टीवर मोजा.

पहिलं माप छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवरून. श्वास सोडा, टेप घट्ट धरा आणि ती पाठीवर तिरकी तर गेली नाही ना, हे आरशात बघा. दुसरं माप सगळ्यात भरलेल्या भागावरून. हे घेताना पॅड नसलेली, त्यातल्या त्यात बरी ब्रा अंगात असू द्या आणि टेप सैलसर ठेवा. पाळीच्या आधीचा आठवडा टाळा, कारण त्या दिवसांत छाती जड आणि भरलेली असते आणि माप फसवं येतं.

आता हिशेब. पहिलं माप सम असेल तर त्यात ४ मिळवायचे, विषम असेल तर ५. हा झाला पट्ट्याचा नंबर. दुसऱ्या मापातून तो वजा करायचा. १ इंच उरला तर ए, २ उरले तर बी, ३ ला सी, ४ ला डी.

माझं पहिलं माप आलं ३०. अधिक ४, म्हणजे ३४. दुसरं माप ३८. फरक ४. म्हणजे ३४डी.

मी तीनदा मोजलं. डी हे अक्षर माझ्या लेखी परदेशी मासिकांतल्या बायकांचं होतं. आयुष्यभर ३८बी घालून आता हे काय निघालं? नवऱ्याने चष्म्यावरून कागद बघितला आणि म्हणाला, "अगं, साठवण क्षमता तीच आहे. आपण इतकी वर्षं धरण चुकीच्या नदीवर बांधत होतो."

हे त्याने गंमत म्हणून म्हटलं, पण ते बरोबर आहे. 'बी'चा कप म्हणजे ठरावीक आकाराचा कप, असं नसतं. पट्टा मोठा झाला की त्याच अक्षराचा कपही मोठा होतो. ३४डी, ३६सी आणि ३८बी यांच्या कपात साधारण सारखंच मावतं, फक्त पट्ट्याचा घेर वेगळा. दुकानात यांना सिस्टर साइज म्हणतात. पट्टा एक नंबर खाली घेतला की अक्षर एक पुढे न्यायचं, एवढंच सूत्र.

याचा उपयोग जपून करा. ३४डी नसेल तर विक्रेता "३८बी घ्या ना ताई, एकच आहे" म्हणतो. कप एकच आहे हो, पण पट्टा चार इंचांनी मोठा आहे. एक पायरी इकडेतिकडे चालते, दोन पायऱ्या नाही. मी वीस वर्षं त्या दोन पायऱ्यांवर उभी होते.

अजून एक खोच. ४-५ मिळवायची ही पद्धत सगळे वापरत नाहीत. काही ब्रँड, विशेषतः परदेशी, खालचं माप आहे तसंच पट्ट्याचा नंबर म्हणून धरतात, आणि मग अक्षर बरंच पुढे सरकतं. म्हणून खोक्यावरचा तक्ता वाचायचा. आपल्याकडे बऱ्याच तक्त्यांत सेंटिमीटर असतात. छातीखालचं माप ७३ ते ७७ असेल तर ३४, ७८ ते ८२ असेल तर ३६. युरोपातल्या लेबलवर ७५ लिहिलं असेल तर तो आपला ३४. आणि हा सगळा हिशेब म्हणजे दुकानात पहिली कुठली घालून बघायची एवढंच ठरवायला. निकाल अंगावर लागतो.

ट्रायल रूममध्ये घाई करू नका

ट्रायल रूम असलेलंच दुकान शोधा. पुण्याच्या तुळशीबागेत रंग आणि लेस भरपूर मिळते, पण पाऊल ठेवायला जागा नाही तिथे घालून कुठे बघणार? अंगावर माप नक्की झालं की पुढची खरेदी खुशाल तिथे करा. पहिल्या वेळी आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी नसताना जा. अंगात साधा, घट्टसर टी-शर्ट घाला. तीन मापं मागा: हिशेबातून आलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या सिस्टर साइज.

हुक सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल ओळीत लावून बघा. नवी ब्रा तिथे घट्ट बसायला हवी. इलॅस्टिक वापराने सैलावतं, मग आतल्या ओळी कामाला येतात. नवी असतानाच आतल्या ओळीत लावावी लागत असेल तर ती मोठी आहे.

हुक लावले की पुढे वाका आणि काखेकडचा भाग हाताने कपात ओढून घ्या. दोन्ही बाजूंनी. हे मला पन्नास वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आपण ज्याला काखेची चरबी म्हणून नावं ठेवतो, त्यात कपाबाहेर राहिलेलं स्तनही असू शकतं. हे केल्यावर पुष्कळदा कप अचानक लहान वाटू लागतो. तसं झालं तर एक अक्षर पुढे जा, लाजू नका.

मग आरशात पाठ बघा. पट्टा पुढून मागे सरळ आडवा जायला हवा. मागे वर चढून कमान झाली असेल तर तो सैल आहे. खाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत, मूठ नाही. आता खांद्याचे दोन्ही स्ट्रॅप खाली सोडा. सगळं खाली घसरलं तर पट्टा काहीच काम करत नाहीये, ओझं खांदे वाहताहेत. माझ्या खांद्यांवर वळ होते आणि मी स्ट्रॅप घट्ट करत राहायचे. नवऱ्याचं पहिलं उपयोगी वाक्य इथलं: "भार पायाने घ्यायचा असतो. वरून दोर बांधून भिंत उभी राहत नाही."

दोन कपांमधला जोड छातीच्या हाडाला टेकायला हवा, विशेषतः तारेच्या ब्रामध्ये. अधांतरी राहिला तर कप लहान आहेत. तार स्तनाच्या खाली आणि बाजूने, बरगडीवर बसायला हवी. मांसावर चढली की दुपारपर्यंत टोचणार.

आणि कपाची वरची कड. दुसरं उपयोगी वाक्य इथे येतं, खरं तर एकच शब्द आहे. पावसाळ्यात पुण्यात रोज सकाळी पेपरात खडकवासला धरणाचा विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, किती क्युसेक ते छापून येतं. कपाच्या कडेवरून अंग बाहेर येऊन टी-शर्टवर दोन उंचवटे दिसायला लागले की आमच्याकडे त्याला 'विसर्ग सुरू' म्हणतात. त्यावर उपाय मोठा कप. उलट कपाला वर सुरकुत्या पडून जागा रिकामी राहिली तर 'साठा २७ टक्के', म्हणजे कप मोठा, किंवा तुमच्या आकाराला तो कट चालत नाही. कित्येकींची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असते. माप मोठ्या बाजूचं धरा, लहानीकडचा स्ट्रॅप थोडा आवळा.

शेवटी हलून बघा. वरच्या फळीवरचा डबा काढायला करतो तसे हात वर करा, चप्पल घालायला वाकतो तसं वाका, स्टुलावर बसा. खाली बसल्यावर तार पोटात रुतते, ते उभ्याने कधीच कळत नाही.

शिंप्याकडे जाताना

जी ब्रा ब्लाउजखाली घालणार, तीच घालून माप द्या. कटोरी ब्लाउजची कटोरी आणि साध्या ब्लाउजचे टक्स त्या वेळच्या उंचीवर बसवलेले असतात. मी नव्या मापाची ब्रा घालून जुने ब्लाउज चढवले, तर टक्स दोन बोटं खाली. चार ब्लाउज उसवून घ्यावे लागले. शिंप्याने कारण विचारलं नाही, पैसे मात्र घेतले.

पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी ब्रा उठून दिसते. आपल्या त्वचेच्या रंगाची दिसत नाही.

नवऱ्याचं काय करायचं

त्याचा विनोद मला कधीच पहिल्या फटक्यात हसवत नाही. तीन दिवसांनी भांडी घासताना हसू येतं. ट्रायल रूममध्ये असताना बाहेरून मेसेज येतो: 'पाहणी पथक, स्थिती कळवा.' हे मला चालतं, कारण विनोद इलॅस्टिकवर असतो, तारेवर असतो, दुकानदारावर असतो. माझ्या अंगावर नसतो.

एकदा गडबड झाली. मोठ्या वहिनींकडे सत्यनारायण होता, मी घाईत जुनी ब्रा घातली होती, आणि प्रसाद घेताना हा सहज म्हणाला, "आज विसर्ग वाढलाय." कुणाला अर्थ कळला नाही. जाऊबाई उलट विचारत बसल्या, कुठल्या धरणाचा? मला मात्र पदर सावरत तिथून उठावंसं वाटलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं: घराबाहेर हा शब्द नाही, आणि मी आरशासमोर वैतागलेली असताना घरातसुद्धा नाही. त्याला खरंच वाटत होतं की कुणाला कळलं नाही म्हणजे झालं. "अगं, कोड शब्द होता ना तो," म्हणाला. मी म्हटलं, "मला कळत होता ना."

तेव्हापासून पाळलंय. तुमच्याही घरी असा कुणी असेल तर भर कार्यक्रमात डोळे वटारून उपयोग होत नाही, अशा माणसांना ते कौतुक वाटतं. नंतर, शांतपणे, नेमकं कुठलं वाक्य आणि कुठे, ते सांगा. आणि त्याला काम द्या. आमच्याकडे तक्त्यातले सेंटिमीटर इंचांत करणं आणि बिल जपून ठेवणं ही खाती त्याच्याकडे आहेत. आतले कपडे परत घेत नाहीत अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते, म्हणून विकत घेण्यापूर्वी तीही त्यालाच वाचायला लावते.

घरी आणल्यावर

लागोपाठ दोन दिवस एकच घालू नका, इलॅस्टिकला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. हुक लावून, गार पाण्यात, हाताने धुवा. पिळू नका. मशीनमध्ये टाकायचीच तर जाळीच्या पिशवीत. दमट हवेत छातीखाली घाम साचून पुरळ उठतं, म्हणून पावसाळ्यात अर्धवट ओली कधीच घालू नका. टॉवेलच्या आड वाळत घालण्यापेक्षा सरळ वाऱ्यावर घाला, लवकर वाळते. वजन बदललं, बाळंतपण झालं, पाळी थांबली, की परत टेप काढा. आणि मोजताना किंवा कपात ओढून घेताना गाठ लागली, त्वचा आत ओढलेली दिसली, तर ब्राचं नंतर बघा, आधी डॉक्टरकडे जा.

मृतसाठ्यातल्या अकरांपैकी दोन पट्ट्याला घट्ट होत्या, त्यांना हुक एक्स्टेंडर, म्हणजे पट्टा लांबवणारी जादा हुकांची पट्टी, लावल्यावर चालू लागल्या. तीन जवळपास नव्या होत्या. नणंदेला खरोखरच ३८बी बसते (मोजून बघितलं), तिने नेल्या. उरलेल्यांचे हुक आणि रिंगा कापून शिवणाच्या डब्यात टाकल्या. इलॅस्टिकचे पट्टे नवऱ्याने मागून घेतले, गच्चीवरची टोमॅटोची रोपं काठीला बांधायला. शेजारच्या काकूंनी परवा त्याला विचारलं, एवढं चांगलं इलॅस्टिक कुठून आणलंत. त्याने काय सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही.