कुंभार गल्लीतल्या ट्यूबलाइटनं माझी झोप उडवली

कोल्हापूरच्या कलाकारांवर आठ-दहा मिनिटांचा माहितीपट करायला घेतला होता. पहिलं चित्रीकरण कुंभार गल्लीत, गणपतीच्या कारखान्यात. मूर्तिकार काका बारीक ब्रशनं डोळ्यांची आखणी करत होते, मी श्वास रोखून क्लोजअप घेत होतो. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर अख्ख्या फ्रेममधून काळसर पट्टे सरकतायत. कॅमेऱ्याच्या बारक्या डिस्प्लेवर कळलंच नव्हतं. स्वतःचा कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात ही नामुष्की!

आधी लेन्स बदलली, मग कार्ड. सगळं फुकट. दोष निघाला सेटिंगचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. माझा कॅमेरा होता सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/६० सेकंद उजेड घेणार. १/६० सेकंदात त्या लुकलुकीचे पूर्ण फेरे बसत नाहीत, उरलेला अर्धवट तुकडा पट्टा होऊन दिसतो. मेन्यूत एनटीएससीऐवजी (६० हर्ट्झ विजेला जुळणारी व्हिडिओ पद्धत) पाल (५० हर्ट्झवाली) केलं, २५ फ्रेम, शटर १/५०. पट्टे गायब. उजेड जास्त वाटला तर १/१०० चालतं. स्वस्तातले काही एलईडी मात्र कशालाच दाद देत नाहीत, ते सरळ बंद करून कलाकारालाच खिडकीपाशी बसवायचं.

जुनं फुटेज सॉफ्टवेअरनं थोडंफार सुधारलं, पण डोळ्यांचा शॉट गेला तो गेलाच. पुन्हा गेलो तर काका म्हणाले, "आरं, त्यो गणपती गेला की मंडळात! बस, दुसऱ्याचं डोळं काढतो."