सोल निघाला? ट्रेकला जाण्याआधी आणि वाटेत या चुका टाळा

पावसाळा आला की माळ्यावरचे ट्रेकिंग शूज खाली निघतात आणि मग कळसूबाईच्या वाटेवर कुणाच्या तरी बुटाचा सोल आ वासतो. "अरे, दोनदाच घातलेत!" हो, पण घोळ तिथंच आहे. बऱ्याच बुटांचा मधला मऊ थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो, तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो, बूट घाला नाहीतर घालू नका, आणि मुंबईसारख्या दमट हवेत तर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणं म्हणजे ओलावा आत कोंडणंच.

दुसरी चूक, चेक आदल्या रात्री करायचा. आठवडाभर आधी करा ना! बूट दोन्ही हातांनी वाकवा, टाचेपाशी सोलच्या वरचा तो मऊ थर अंगठ्याने दाबा. चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो बूट गेला, चिकटवायचं तरी कशाला? थर धड असेल आणि नुसता सोल सुटला असेल तर स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांकडून सोल्यूशन लावून कडेनं शिलाई मारून घ्या, खरंच टिकते. फेव्हिक्विक नको, ते कडक होतं आणि पाऊल वाकलं की तडकतं.

वाटेत सोल सुटला तर चिकटवायच्या भानगडीत पडू नका, ओल्या चिखलावर काहीच धरत नाही. बांधा. सॅकमध्ये सुतळी किंवा नायलॉनची दोरी हवीच. चिखल पुसायचा, दोरी चवड्याखालून सोलच्या खोबणीत बसवायची, वर आणून लेसमधून ओवायची, परत खालून एक फेरा आणि गाठ वरच्या अंगाला, कारण गाठ तळव्याखाली आली की टोचते आणि घासून तुटते. टोकं कापा किंवा आत खोचा, शिडीच्या पायरीत अडकली तर थेट तोंडावर. डक्ट टेप बाटलीला गुंडाळून नेता येते, पण पूर्ण तळव्याला गुंडाळली की ग्रिप संपली, ओल्या कातळावर पाय सटकणारच.

एक सुटला की दुसराही त्याच वयाचा आहे, तोही आत्ताच बांधून घ्या आणि तिथूनच पायथ्याच्या बारी गावाकडे उतरायला लागा. माथा पुढच्या वेळी.

घरी आल्यावर बूट गॅसजवळ किंवा हीटरसमोर वाळवू नका, चिकटवलेलं सुटतं. इनसोल काढून आत पेपरचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला.