तरुण संघात मूळ पाप कसं शिकवायचं

मूळ पाप म्हणजे आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडल्यापासून सगळ्या माणसांत आलेला बिघाड, आणि मंडळीतल्या तरुण मुलांना तो असा शिकवा. आधी बायबलमधल्या उत्पत्तीचा 3 रा अध्याय मुलांकडूनच वाचून घ्या, मोठ्याने, आळीपाळीने, कारण बहुतेकांच्या डोक्यात ती गोष्ट ऐकीव असते. सफरचंद तिथे कुठेच नाहीये, नुसतं फळ म्हटलंय, आणि आदाम पण काही न विचारता खातो, त्यामुळे सगळं खापर हव्वेवर फोडू देऊ नका प्लीज.

मग 7 ते 13 वचनांवर निवांत थांबा, खरं पतन, म्हणजे माणसाचं देवापासून दूर जाणं, इथेच दिसतं. अंजिराची पानं शिवली, झाडांमागे लपले, देव विचारतो तू कुठे आहेस, तर आदाम म्हणतो तू दिलेल्या बाईने मला दिलं, म्हणजे बायकोवर तर ढकललंच वर देवावरही! यातलं काय काय आपण या आठवड्यात केलं ते प्रत्येकाला कागदावर लिहू दे, वाचून दाखवायला लावू नका.

त्यानंतर रोमकरांस 5:12 पासून पुढे, एका माणसामुळे पाप जगात आलं तो भाग. इथे प्रश्न येणारच की आदामाने केलं तर आम्ही का भोगायचं, आणि तो टाळू नका, उलट यहेज्केल 18:20 पण उघडा, तिथे मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असं स्पष्ट आहे. मी सातबाऱ्याचा दाखला देते, आजोबांच्या कर्जाचा बोजा जमिनीवर चढलेला असतो, नातवाने सही केलेली नसते तरी जमीन बोज्यासकट येते. पण फार ताणू नका, कारण पाप कागदावर नसतं, आपल्या मनाच्या ओढीत असतं. कोणी मागच्या जन्मीच्या कर्माशी जोडलं तर सांगा की तिथे कर्म स्वतःचंच असतं, इथे मागचा जन्मच नाही.

मंडळ्यांमधला फरकही सांगा, लपवण्यासारखं काही नाही. पेलागियस हा शिक्षक म्हणायचा की आदामाचं पाप आपल्यात येत नाही, माणूस स्वतःच्या बळावर चांगला राहू शकतो. त्याच्या विरोधात बिशप ऑगस्टीन उभा राहिला, 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत नाकारलं. कॅथलिक शिकवण म्हणते की हे पाप आपण केलेलं नाही, वारशाने आलंय. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे लोक मरण आणि दुबळेपणा वारशात धरतात, आदामाचा दोष नाही.

आणि लहान बाळ वाईट असतं असं चुकूनही बोलू नका हो, मुलं ते मनाला लावून घेतात. पतनानंतरही माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, उत्पत्ती 9:6 बघा.

वेळ कमी पडला तर इतिहास कापा, पण आशेची वचनं, म्हणजे उत्पत्ती 3:15 मधलं सापाचं डोकं ठेचलं जाण्याचं वचन, 3:21 मधली देवाने दिलेली कातड्याची वस्त्रं आणि रोमकरांस 5:20 मधली पापाहून जास्त वाढलेली कृपा, त्याच दिवशी घ्या, पुढच्या रविवारवर ढकलू नका.