जुनी महिंद्रा जीप घ्यायची तर बोनेट उघडण्याआधी गाडीखाली शिरा

जुन्या महिंद्रा जीपचं इंजिन बांधून मिळतं, गिअरबॉक्स बांधून मिळतो, पत्रा नवा ठोकून मिळतो, हुड दोन दिवसांत शिवून मिळतं. चेसी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, आणि तिच्यावर ठोकलेला क्रमांक मात्र बाजारातून आणता येत नाही. तरीही बहुतेक गिऱ्हाईक बोनेट उघडून सुरुवात करतं, रंगावर हात फिरवतं आणि शेवटी कागद मागतं. क्रम नेमका उलटा हवा: आधी कागद, मग चेसी, मग पुढचा अ‍ॅक्सल आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

समोर उभी आहे ती गाडी नेमकी कुठली

महिंद्रा कंपनी सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९४५ ला, 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने, पोलादाच्या व्यापारासाठी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात झाली तीही याच सुमारास. पुढे ज्या गाडीमुळे 'जीप' हा शब्द आपल्या बोलण्यात रुजला, ती सीजे-३बी. विलीजने ती १९५३ मध्ये काढली. तिच्या उंच इंजिनासाठी बोनेट उंच करावं लागलं, म्हणून तिचं नाक असं वर उचललेलं दिसतं. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिली.

हा इतिहास खरेदीत कामाला येतो, कारण प्रत्येक पिढीचं दुखणं वेगळं आहे. सीजे-३बीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ८० इंच. एमएम ५४० चा ९१ इंच, आणि तिच्यात प्यूजोच्या परवान्याखाली बनलेलं २,११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन. त्यानंतर आलं महिंद्राचं २,५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन. २०१० मध्ये 'थार' आली, तीही दोन अगदी वेगळ्या तब्येतींची. थार डीआयला पुढेमागे दोन्हीकडे कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग), म्हणजे जुनीच जीप. थार सीआरडीईला (कॉमन रेल डिझेल) २,४९८ सीसीचं १०५ अश्वशक्तीचं इंजिन, पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे. २०१५ च्या बदलांत तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) मिळालं. २०१९ मध्ये 'थार ७००' ही शेवटची ७०० गाड्यांची आवृत्ती निघाली आणि २ ऑक्टोबर २०२० ला, कंपनीला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, पूर्ण नवी थार बाजारात आली. नव्या थारला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत. पुढची तपासणी मुख्यतः २०२० आधीच्या गाड्यांसाठी आहे.

कागद

सोबत मोजपट्टी न्या. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, व्हीलबेस, इंजिनाची सीसी, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. आरसीवर ९१ इंच आणि प्रत्यक्षात ८० भरले, तर ती दुसऱ्याच गाडीच्या कागदांवर उभी केलेली जीप आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नव्या पत्र्याच्या 'ओपन जीप' बांधून मिळतात. त्या दिसायला देखण्या असतात, पण कागद बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या गाडीचे असतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत. अशी गाडी रस्त्यावर पकडली जाण्यापेक्षा अपघातानंतर विम्याचा दावा फेटाळला जाण्याचं दुखणं मोठं आहे.

चेसी क्रमांक घासून स्वच्छ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि उमटलेला छाप आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. अक्षरं एका ओळीत आणि सारख्या खोलीची हवीत. क्रमांकाच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर तिथूनच परत फिरा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर असायलाच हवी.

दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिथल्या थार सीआरडीई महाराष्ट्रात स्वस्तात येऊ लागल्या. स्वस्ताई पाहताना तीन खर्च धरा: तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), इथला वाहनकर आणि नवा नोंदणी क्रमांक. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की फॉर्म २५ भरून, तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. ही मुदत सहा महिन्यांवर आली असेल, तर नूतनीकरण विकणाऱ्यानेच करून द्यावं आणि मगच पूर्ण पैसे द्यावेत.

चेसी

अंथरायला पोतं, हातातली बॅटरी (टॉर्च), छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर एवढं पुरतं. मागच्या पाट्यांचे हँगर चेसीला जिथे जोडलेले असतात तिथून सुरुवात करा, कारण मागच्या चाकांनी उडवलेला चिखल तिथेच साठतो. गिअरबॉक्सखालचा आडवा पाट आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा हेही तितकेच महत्त्वाचे. हातोडीने हलके ठोका: चांगलं पोलाद खणखणतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती केसासारखी बारीक तडा असू शकते. मोठे टायर लावलेल्या गाडीत ती हटकून शोधा, कारण जड चाकांचा प्रत्येक हिसका त्याच जागी पोचतो.

पुढच्या डाव्या पाट्याच्या हँगरपासून मागच्या उजव्या हँगरपर्यंत तिरकं माप घ्या, मग उलट बाजूने घ्या. दोन मापांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चेसी कधीतरी मुरडली आहे. अशी गाडी घाटात एका बाजूला ओढते आणि कितीही अलाइनमेंट केली तरी टायर खाते.

पत्र्याचा गंज तुलनेने कमी गंभीर. चटई उचलून फरशी पाहा, काचेच्या चौकटीची खालची कड पाहा, मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या पाहा. कोकण किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीत फरशीखालच्या पन्हळी पट्ट्या आतून सडतात आणि वरून रंग जसाच्या तसा राहतो. लांबी (पुटी) भरलेली जागा चुंबकाने लगेच कळते.

पुढची चाकं आणि स्टिअरिंग

या गाड्यांचं सगळ्यात घाबरवणारं दुखणं म्हणजे पन्नास-साठच्या वेगात खड्डा आला की स्टिअरिंग दोन्हीकडे थरथर कापू लागणं. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. पुष्कळदा यावर स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिला जातो. त्याने थरथर दबते, मूळ झीज तशीच वाढत राहते. कारण शोधायची रीत अशी:

पुढचं चाक जॅकवर उचला, गाडी स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली पकडून हलवा. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. खेळ राहिलाच तर दोष किंगपिनचा (ज्या खिळीवर चाक वळतं ती), आणि थार सीआरडीईत बॉल जॉइंटचा. मग चाक डावीकडून-उजवीकडे हलवा. तिथला खेळ टायरॉड एन्ड किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. किंगपिनच्या बेअरिंगवर शिमने (पातळ चकत्यांनी) ठरावीक ताण द्यायचा असतो. शिम जास्त राहिल्या की किंगपिन सैल होते, फार कमी केल्या की स्टिअरिंग वळल्यावर सरळ परत येत नाही. हे काम जीपच्याच मेकॅनिककडून करून घ्या. दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सील एकदमच बदला. एकच बाजू केली तर महिन्याभरात दुसरी बोलू लागते.

सीआरडीईच्या पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट हाताने दाबून, उलगडून पाहा. फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर आणि माती आत जाते, मग वळणावर टकटक सुरू होते. आवाज सुरू होण्याआधी सापडला तर नुसता बूट बदलून भागतं.

स्पेशल गिअर

स्पेशल गिअर म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर व्हील लावलेलं असेल तर तो फरक चाकं घसरूनच निघतो. चिखलात ती घसरतात. कोरड्या डांबरावर घसरत नाहीत, म्हणून सगळा पीळ प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा दांडा), क्रॉस (त्याचे सांधे) आणि ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) येतो आणि लिव्हर अडकून बसतो. तसा अडकलाच तर जोर न लावता गाडी सरळ रेषेत दोन-चार फूट मागे घ्या, पीळ सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत, तेही याच कारणासाठी.

घेण्यापूर्वीची चाचणी मोकळ्या मातीवरच घ्या. पुढच्या हबवर हाताने फिरवायचे लॉक असतील तर आधी ते लावा. फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावून दहा-वीस मीटर सरळ जा आणि मातीत पुढची चाकंही ओढ घेतायत का ते कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा. लो रेंज (जास्त ओढ, कमी वेग) मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबूनच लावायची. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्या. लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर गिअरचे दात किंवा फोर्क झिजलेले आहेत आणि ट्रान्सफर केस उघडावा लागणार. ही परीक्षा सपाटीवर होत नाही, म्हणून विकणाऱ्याने कितीही सांगितलं तरी उतार शोधाच.

इंजिन

बोनेटला हात लावा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना पांढरा धूर थोडा वेळ चालतो. दोन-तीन मिनिटांनंतरही राहिला तर ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहा: तिथून धापा टाकल्यासारखा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेले.

डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार होतो. या गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल मिळतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच ठेवून सेल्फ मारा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी एक गेलं आहे. घाटात उतरणाऱ्या गाडीत हा दोष घेऊन घरापर्यंतही चालवू नका.

घरी आणल्यावर

सगळी ऑइलं बदला, आधीच्या मालकाने कालच बदलली असली तरी. गिअरबॉक्सात ८०डब्ल्यू-९० जीएल-४, डिफरन्शियलमध्ये ९० नंबरचं जीएल-५. दुकानदार दोन्हीकडे जीएल-५ देतो. त्यातली गंधकाची मात्रा पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकते, म्हणून गिअरबॉक्ससाठी जीएल-४ मागूनच घ्या. जुन्या जीपच्या गिअरबॉक्सातलं ऑइल आतल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये सरकतं. बाहेर थेंबही दिसत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा पडतो, म्हणून दोन्हींची पातळी एकाच वेळी पाहायची. पाट्यांचे यू-बोल्ट कसल्यावर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा, नाहीतर पाटे सरकून सेंटर बोल्ट तुटतो. प्रोपेलर काढण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर खूण करून ठेवा. एक दात चुकून बसला तरी विशिष्ट वेगाला गाडी गुरगुरते.

चिखलात टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते. डांबरावर येताच ती पुन्हा भरायची, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. वाळूलाही हेच लागू, पण समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊ नका: गोव्यात तो गुन्हा आहे, आणि खारं पाणी वर सांगितलेल्या सगळ्या जागा दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतं.

ओढ्यात शिरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं थांबा. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) व सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बोनेटखाली उंच नेणं हे काही रुपयांचं काम आहे. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन लावून गाडी बाहेर काढा, एअर फिल्टर पाहा. तो ओला असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून मगच इंजिन फिरवा. टोचनाचा दोर चेसीच्या हुकालाच बांधा, बंपरला किंवा टायरॉडला नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर पायाने हलका ब्रेक धरून शंभरेक मीटर चला, म्हणजे ब्रेकचे लायनर कोरडे होतील. घरी आल्यावर ड्रम काढून चिखल धुवा, क्रॉस आणि शॅकलच्या निपलमधून जुनं पाणचट ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरा. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट किंचित सैल करा. पाणी जड असल्यामुळे आधी तेच येतं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला. फरशीची रबरी बुचं उघडून चटया उन्हात टाका आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच त्या परत घाला.