टूरिंग बाइकच्या विंडशील्डमुळे हेल्मेट थडथडत होते: माझा अनुभव

मुलुंडहून नाशिककडे जाताना ताशी 80 च्या पुढे हेल्मेट इतके थडथडे की कसारा घाटाआधीच मान आखडून जाई. हेल्मेट बदलले, कानात बोळे घातले, उंच विंडशील्डही बसवले. त्याने थडथड वाढलीच, शिवाय पावसात ओघळांमागून रस्ता धूसर दिसू लागला. दोन पावसाळे असेच वाया गेले, याची हळहळ वाटते.

उपाय मोजमापात सापडला. बाइक सरळ उभी करवून, हेल्मेट घालून नेहमीच्या बैठकीत बसलो आणि मित्राला विंडशील्डच्या काचेवर टेपची आडवी पट्टी वर-खाली सरकवायला सांगितली. पट्टी नाकाच्या रेषेत आली, म्हणजे रस्ता तिच्यावरून स्पष्ट दिसू लागला, तेव्हा वरच्या स्क्रूपासून तिथवरचे अंतर मोजले. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच मापाचे पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकचे विंडशील्ड आणले, कारण अॅक्रिलिक दगड लागल्यास लवकर तडकते. बसवताना खाली बोटभर फट ठेवली. तिथून शिरणारी हवा काचेमागचा कमी झालेला दाब भरून काढते. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर घालून सर्व स्क्रू आधी सैल लावले, नंतर आलटूनपालटून हातानेच आवळले आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून काच कुठे घासत नाही ना, हे पाहिले.

ही काच पेट्रोलने कधीही पुसू नये. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते.