टायर म्हणजे रबर नव्हे: रोड बाइकच्या टायरबाबत या चुका टाळा

राइडहून आल्यावर टायर पुसताना मधोमध काप दिसतो आणि पोटात गोळा येतो. जेमतेम हजार किलोमीटर झालेला, चांगला महागाचा टायर. काहीजण तो त्याच दिवशी उतरवून टाकून देतात. उलट, साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, बारीकसा फुगा आलेला टायर लोक महिनाभर चालवतात, कारण वरचं रबर नवंकोरं दिसत असतं. दोन्ही चुकांच्या मुळाशी गैरसमज एकच आहे: टायर म्हणजे रबर.

टायर मुळात कापडाचा असतो. बहुधा नायलॉनच्या बारीक दोऱ्यांचं हे कापड, म्हणजे केसिंग, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेलं असतं आणि हवेचा सगळा दाब तेच पेलतं. रबराचं काम रस्त्याला चिकटण्याचं आणि कापड झाकण्याचं. टायरवर 60 किंवा 120 टीपीआय असं छापलेलं असतं, ती या दोऱ्यांची दर इंचातली संख्या. काही कंपन्या थरांची बेरीज करून आकडा छापतात, त्यामुळे दोन ब्रँडच्या आकड्यांची सरळ तुलना करू नये. दोरे जितके बारीक तितका टायर मऊ आणि पळायला हलका, पण दगडाच्या धारेपुढे नाजूकही तितकाच. 25 किंवा 28 मिमीचा रोड टायर साधारण 200 ते 300 ग्रॅमचा असतो. एवढ्या वजनात बसेल तेवढंच संरक्षण त्यात असतं.

म्हणून टायरवर काहीही दिसलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दोरे शाबूत आहेत का?

काप दिसला की टायर बाद करणं

आधी हवा पूर्ण सोडा. टायर कापाच्या जागी उलटा वाकवा म्हणजे कापाचं तोंड उघडेल, आणि चांगल्या उजेडात तळाशी काय आहे ते पाहा. तळाशी काळं रबरच दिसलं तर काळजीचं काही नाही. आत अडकलेला खडा किंवा काच काढा आणि टायर वापरा. रबराखाली वेगळ्या रंगाचा, विणलेला थर दिसला तर तो पंक्चर रोखणारा पट्टा. तो न फाटता नुसता दिसत असेल तर टायर चालेल, पण दर राइडनंतर त्या जागेवर नजर ठेवा. तुटलेल्या दोऱ्यांची टोकं पिंजल्यासारखी बाहेर आली असतील तर टायर उतरवून आतून तपासायलाच हवा.

मधल्या पट्ट्यात दोन-तीन मिमीचं आरपार भोक असेल तर आतून पॅच लावून मी टायर वापरतो, तोही मागच्या चाकावर. साइडवॉलला तेवढंच भोक असेल तर नाही वापरत. साइडवॉलवर रबर नावापुरतंच असतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती जागा दुमडते-उलगडते. मधल्या कापात सुपरग्लूचा थेंब सोडून तोंड मिटवलं तर त्यात नवी खडी शिरत नाही, पण त्याने ताकद परत येते असं समजू नका.

आयुष्य खरं वाढतं ते राइडनंतरच्या दोन मिनिटांत. चाक हळूहळू फिरवत टायरवर नजर फिरवायची आणि रुतलेले काचेचे कण सुईने किंवा टोकदार चिमट्याने उकरून काढायचे. काच घुसली त्याच क्षणी पंक्चर होतंच असं नाही. कण रबरात बसून राहतो आणि दर फेऱ्यात केसभर आत सरकतो. आजचं पंक्चर पुष्कळदा मागच्या आठवड्यातल्या काचेचं असतं. ओल्या रस्त्यावर तर हे जास्तच होतं: पाण्याने रबर निसरडं होतं आणि काच सहज कापत जाते, शिवाय ओल्या टायरला कचराही चिकटतो.

फुगा आलेला टायर “अजून एक राइड” चालवणं

इथे मात्र सबब नको. टायरला फुगा आला म्हणजे तिथले दोरे तुटले आणि आता ट्यूबला नुसतं रबर अडवून धरतंय. तो कधी फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. पुढचा टायर उतारावर वेगात असताना फुटला तर हँडल हातात राहत नाही.

फुगा ओळखायला चाक उचलून फिरवा आणि टायर व ब्रेक पॅड किंवा फोर्क यांच्यातली फट पाहत राहा. रिम सरळ फिरतेय पण टायर एका जागी उडी मारतोय किंवा नागमोडी जातोय, असं दिसलं तर कारणं दोनच असतात. टायर नीट बसलेला नाही किंवा आतले दोरे गेलेत. फरक करणं सोपं आहे. रिमच्या वर, टायरच्या दोन्ही बाजूंना सबंध गोल फिरणारी एक बारीक उमटलेली रेघ असते. ती कुठे रिमच्या आत गडप झाली किंवा कुठे जास्त वर आली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा सोडा, हाताने सारखा करा आणि पुन्हा भरा. रेघ सगळीकडे सारखी असूनही टायर उडी मारत असेल तर तो टायर संपला.

पंक्चर काढलं, पण कारण आतच राहिलं

सर्वात जास्त ट्यूब या चुकीपायी वाया जातात. एका पहाटे माझं मागचं चाक बसलं. अंधार होता, सोबतचे थांबले होते, म्हणून टायरच्या आत हात फिरवल्यासारखं केलं आणि नवी ट्यूब घातली. चार किलोमीटरवर पुन्हा हवा गेली. जवळची दुसरी ट्यूबही तशीच गेली आणि उरलेलं अंतर सायकल ढकलत चालावं लागलं. घरी येऊन सगळ्या ट्यूब शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा भोक प्रत्येकीला व्हॉल्व्हपासून तितक्याच अंतरावर होतं. मग टायरच्या त्या जागी आतून कापूस फिरवला आणि एक तंतू अडकला. टायर उलटा करून पाहिलं तर केसाएवढी पोलादी तार, चार मिमीसुद्धा लांब नसेल. मोठ्या गाड्यांच्या टायरमध्ये तारेची जाळी असते. ते टायर फुटले की अशा तारा रस्त्यावर सांडतात. बोटाला ती लागली नाही, कारण टायर चपटा असताना टोक रबरात मागे गेलं होतं. हवा भरून वजन पडलं की तेच टोक आत यायचं.

तेव्हापासून टायर बसवताना त्यावरचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर ठेवतो. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढून फुगवायची, भोक व्हॉल्व्हपासून किती लांब आहे ते पाहायचं, आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर दोन्ही बाजूंना शोधायचं. दोन्ही बाजूंना अशासाठी की ट्यूब कुठल्या बाजूने बाहेर आली ते आठवत नसतं. उघडं बोट आत फिरवू नका. काच असेल तर बोट कापतं.

भोकावरूनही बरंच कळतं. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा, काच किंवा तार. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडांवर चिमटली. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर टायरला दोष देऊ नका: रिम टेप सरकलीय किंवा स्पोकच्या भोकावर तिला खळगा पडलाय. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर पंप लावताना व्हॉल्व्ह हिसकला गेला असेल, नाहीतर नट फार आवळलेला असेल. तिथे पॅच टिकत नाही.

पॅचबद्दल एकच. ट्यूबवरची शिवण सँडपेपरने घासून सपाट करा, सोल्यूशन पातळ लावा आणि ते सुकू द्या. चमक जाऊन मंद दिसायला लागेपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं, हात लावू नका. ओल्या सोल्यूशनवर दाबलेला पॅच पुढे कधीतरी कडेने उचकटतोच.

अंगठ्याने हवा तपासणं

अंगठ्याने दाबून 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि 90 पीएसआयमधला फरक अरुंद टायरवर कळत नाही. दोन्ही दगडासारखे लागतात. गेज असलेला उभा पंप लागतोच. साध्या ब्युटाइल (कृत्रिम रबराच्या) ट्यूबमधूनही हवा रोज थोडी झिरपते, आठवड्याभरात फरक दिसण्याइतकी. लेटेक्स ट्यूब असेल तर दर राइडच्या आधी भरावी लागते. वाटेत कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसाने चाक भरलं असेल तर घरी आल्यावर ते रिकामं करून साधी हवा भरा. तो वायू ब्युटाइलमधून हवेपेक्षा फार लवकर निसटतो आणि दुसऱ्या दिवशी टायर मऊ मिळतो.

साइडवॉलवर लिहिलेला सर्वाधिक दाब हा सल्ला नसतो, ती मर्यादा असते. तितकी हवा भरली तर टायर खड्यावरून वाकायचं सोडून त्यावर आदळतो. प्रवास खडखडीत होतो आणि काप जास्त पडतात. साधारण 70 किलोच्या माणसाला 28 मिमीच्या ट्यूबवाल्या टायरवर 60 ते 75 पीएसआय पुष्कळ होतं. पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त, कारण जास्त वजन मागे पडतं. रिम हुकलेस (कडेला टायर अडवणारा आकडा नसलेली) असेल तर 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआयच्या वर जायचंच नाही, आणि टायरही त्या रिमला चालणाराच हवा. तिथे चूक झाली तर टायर रिमवरून सुटतो.

उन्हात ठेवलेली सायकल फुटेल ही भीती मात्र फार बाळगू नका. तापमान 10 अंशांनी वाढलं तर 80 पीएसआयचे साधारण 83 होतात. उन्हात उभ्या सायकलचा टायर फुटला तर तो आधीच नीट बसलेला नव्हता किंवा आतून फाटलेला होता, हे जवळजवळ नक्की.

नवा टायर मागे, जुना पुढे

मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून पुष्कळजण पुढचा-मागचा सरळ अदलाबदल करतात आणि झिजलेला टायर पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक घसरलं तर बहुधा सावरता येतं. पुढचं घसरलं तर आपण जमिनीवर. मागचा संपला की पुढचा मागे घ्यावा आणि नवा पुढे लावावा.

संपला हे कसं ओळखायचं? गोलाई जाऊन मधला भाग चौकोनी, सपाट होतो. काही टायरांवर, उदाहरणार्थ कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री 5000 वर, झीज दाखवणारे दोन बारीक खळगे असतात. ते दिसेनासे झाले की बदलायची वेळ आली. खळगे नसतील तर झिजून दोरे किंवा आतला पट्टा डोकावला की थांबा. टायर गुळगुळीत आहे म्हणून घाबरू नका. रोड टायरला नक्षीची गरजच नसते. अरुंद आणि जास्त दाबाचा असल्यामुळे सायकलच्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही.

ब्रेक पॅड साइडवॉलला घासत ठेवणं

रिम ब्रेक असलेल्यांनी हे आजच पाहावं. पॅड दोन मिमी वर बसला असेल तर ब्रेक दाबताना तो रिमबरोबर टायरही घासतो. वरून रबर धडधाकट दिसतं आणि साइडवॉलला सबंध गोल एक बारीक खाच पडत जाते. एक दिवस टायर त्या रेघेवर फाटतो. ब्रेक हळू दाबा, खाली वाकून बघा, पॅडची वरची कड रिमच्या आतच राहायला हवी. चाक काढून परत लावल्यावर, टायर बदलल्यावर हे पुन्हा पाहा.

बसवताना लिव्हरची घाई

नव्या ट्यूबला राइडआधीच भोक पडलं तर ते बहुधा लिव्हरनेच (टायर चढवायच्या पट्टीनेच) पाडलेलं असतं. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. मधेमधे टायर दोन्ही बाजूंनी चिमटून बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, रिमच्या खोलगट मध्यात ढकलत राहा. त्याने शेवटच्या घट्ट तुकड्याला सैलपणा मिळतो आणि तळहाताने टायर चढतो. हवा भरण्याआधी सबंध चाकभर टायर बाजूला सारून पाहा, ट्यूब कुठे बीडखाली डोकावत नाही ना. तशीच भरली तर स्फोटासारखा आवाज होतो आणि ट्यूब हातभर फाटते.

ट्यूबलेसवाल्यांची चूक याच्या उलट, ते बसवून विसरतात. सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा आतला द्रव, काही महिन्यांत सुकतं, उष्ण हवेत आणखी लवकर. दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहिलं नाही तर आत कोरडी साय आणि गोळे मिळतात.

टायरला तेल, रॉकेल, पेट्रोल लागू देऊ नका. रबर फुगतं आणि मऊ पडतं. चेन साफ करताना मागच्या टायरवर फडकं टाका. महिनोन्‌महिने सायकल उभी राहणार असेल तर टांगून ठेवा, ऊन लागणार नाही अशा जागी.

सोबत बूट (फाटीला आतून लावायचा तुकडा) न ठेवणं

वाटेत टायर बोटभर फाटला तर नुसत्या नव्या ट्यूबचा उपयोग नाही, ती फाटीतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते. जुन्या टायरच्या साइडवॉलचा चार-पाच सेंमीचा तुकडा, कडा तासून पातळ केलेला, सामानाच्या पिशवीत ठेवा. तो फाटीच्या आतून, टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायचा. तुकडा नसेल तर एनर्जी जेलचं रिकामं पाकीट दोनदा घडी घालून चालतं. हवा थोडी थोडी भरत प्रत्येक वेळी फाटीकडे पाहा. ट्यूबचा रंग बाहेर दिसायला लागला की हवा सोडून बूट पुन्हा बसवा. नेहमीपेक्षा कमी हवेवर, खड्डे चुकवत, उतारावर वेग धरून न ठेवता घरी या, आणि तो टायर त्याच संध्याकाळी उतरवा.