आमदाराची कारकीर्द कागदपत्रांवरून कशी अभ्यासावी

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ सदस्यांपैकी एखाद्याच्या कारकिर्दीवर लिहायचे असेल, तर कार्यअहवाल आणि वाढदिवसाच्या पुरवण्या आधी बाजूला ठेवाव्यात, कारण त्यांत पराभव नसतो आणि सोडलेले पक्षही नसतात. पहिले काम म्हणजे लढवलेल्या सर्व निवडणुकांचा, हरलेल्यांसह, तक्ता करणे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले हे सर्वांना ठाऊक असते. १९७२ आणि १९९५ चे त्यांचे पराभव ध्यानात घेतले, तरच त्यानंतरच्या विजयांचा अर्थ लागतो. मतांची तुलना करताना २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आहेत हे विसरू नये; नाव तेच राहिले तरी गावे तीच असतील असे नाही.

त्यानंतर उमेदवारी अर्जासोबतची, नमुना २६ मधील शपथपत्रे काढावीत. लागोपाठच्या दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून मालमत्ता, कर्जे आणि प्रलंबित खटले ओळीने ताडून पाहावेत. मात्र मालमत्ता वाढली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण जुन्याच जमिनीचा बाजारभाव वाढल्यानेही आकडा फुगतो. नवी खरेदी कोणती, हे वेगळे काढावे.

खरा वेळ द्यावा तो विधिमंडळाच्या कार्यवाहीला. प्रश्नांची नुसती संख्या मोजण्याची पद्धत मला फसवी वाटते. एकाच तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर अपेक्षित असलेल्या) प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असतात, त्यामुळे नाव यादीत असणे आणि विषय अभ्यासलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय सदस्य मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. त्या काळातील शून्य हे निष्क्रियतेचे लक्षण नव्हे. छापील प्रश्नाचा पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ येथे संपतो आणि शेवटचा ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ येथे. उत्तराच्या शेवटी बहुधा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असते. या ठरीव साच्यातून सदस्य ओळखू येत नाही, तो येतो सभागृहात विचारलेल्या उपप्रश्नांतून. मंत्र्यांच्या उत्तरातील पळवाट त्याने पकडली का, तारीख मागितली का, हे तेथे दिसते. म्हणून एखादा पाणीपुरवठ्याचा किंवा रस्त्याचा विषय निवडून प्रश्न, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), मंत्र्यांचे आश्वासन आणि अशी आश्वासने पाळली गेली का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीचा अहवाल असा त्याचा माग काढावा.  सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा किंवा अंदाज समितीतील कामाची बातमी क्वचितच होते, तरी सदस्यत्वाचा काळ नोंदवून ठेवावा.

पक्षांतराची नोंद करताना राजीनामा, अपात्रतेची याचिका, तिच्यावरील अध्यक्षांचा निर्णय आणि पुढची निवडणूक यांच्या तारखा एका ओळीत लिहाव्यात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला अपात्रतेपासून असलेले संरक्षण काढून टाकले, त्यामुळे त्यापूर्वीचे आणि नंतरचे पक्षांतर एकाच मापाने मोजता येत नाही.

मुलाखत सर्वांत शेवटी घ्यावी आणि जाताना हा तक्ता सोबत न्यावा. ‘त्या वर्षी आपण हा विषय मांडला होता, पुढे काय झाले?’ असे तारखेनिशी विचारले की भाषण थांबते आणि माहिती मिळू लागते.